मामा तलाव की वैनगंगा : तळातले जीव कुठे पाहावेत?

कोकणातल्या खाडीत पावसाळ्यात खारेपणा घटतो आणि तळातल्या जीवांची वस्तीच बदलते. आपल्या भंडारा-गोंदियाकडे मिठाचा प्रश्न नाही. इथे सगळं ठरतं ते पाण्याची पातळी, गाळ आणि प्राणवायू यांवर.

वैनगंगेचा तळ वाळू-गोट्यांचा. पूर तो खरवडून नेतो, त्यामुळे श्रावणात तिथे फारसं हाती लागत नाही. हिवाळ्यात मात्र उथळ धारेतला गोटा उलटून पाहा. खाली मेफ्लाय नावाच्या उडत्या कीटकाची चपटी, दोन-तीन शेपट्यांची पिल्लं चिकटलेली दिसतील. त्यांना प्राणवायू भरपूर लागतो, म्हणून ती असली की पाणी बरं आहे समजायचं.

मला स्वतःला मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव जास्त भावतो. कोहळी समाजाने बांधलेल्या या जुन्या तलावांच्या तळाशी मऊ, काळा गाळ असतो. त्यात प्राणवायू कमी, तरी लालभडक अळ्या खुशाल जगतात, कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं. उन्हाळ्यात पाणी आटलं की मोठी पाणगोगलगाय शंखाचं झाकण घट्ट लावून चिखलात दडते आणि पाऊस पडल्यावर बाहेर येते. ते झाकण कृपा करून उचकटू नका, जीव जातो तिचा.

शाळेच्या मुलांना न्यायचं तर मी तलावच सुचवेन. पिठाची चाळणी आणि पांढरी थाळी पुरते. फक्त बेशरमाची झुडपं माजलेला काठ टाळा. मेफ्लायसाठी मात्र नदीवरच जावं लागेल, तेही डोहापासून लांब आणि मोठं माणूस सोबत घेऊन.