डबा चांगला, लेबलवरची एक ओळ मात्र चुकली

लेक 34 व्या आठवड्यातच आली. माझं दूध पुरेना, म्हणून डॉक्टरांनी वरचं दूध सुरू करायला सांगितलं. गेले दोन महिने हीच पावडर वापरतेय. गुठळ्या होत नाहीत, तिला पचतेय, वजनही वाढतंय. चमचा ठेवायला झाकणाखाली खाच आहे, हे फार आवडलं. नाहीतर दर वेळी पावडरीत बोटं घालून चमचा शोधावा लागतो.

तक्रार एका ओळीबद्दल आहे: ‘उकळलेलं पाणी कोमट झाल्यावर पावडर घाला.’

बाळंतपणाआधी मी सहा वर्षं दूध पावडरीच्या कारखान्यात लॅबमध्ये होते. ही पावडर निर्जंतुक नसते. दूध पाश्चराइझ होतं, पण ड्रायरमधून निघाल्यावर डबा बंद होईपर्यंत पावडर पुन्हा तापत नाही. तेवढ्यात क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू शिरला की शिरला. कोरड्यात तो वाढत नाही, पण महिनोन्महिने तग धरतो. म्हणून पॅकिंगच्या भागात आम्ही पाण्याची बादलीसुद्धा नेऊ द्यायचो नाही, साफसफाई व्हॅक्यूमनेच. एकदा त्या व्हॅक्यूममधल्या धुळीचा नमुना लावला, तर दुसऱ्या दिवशी प्लेटवर निळ्या-हिरव्या कॉलन्या, म्हणजे त्याच जंतूचे ठिपके! वरच्या गार पाइपवर पाणी सुटून थेंब पडत होते, एवढंच कारण. 10-10 ग्रॅमचे 30 नमुने तपासतात, एकातही तो सापडता कामा नये. तरी अख्ख्या लॉटची खात्री त्यातून मिळत नाही. 2022 मध्ये अमेरिकेत स्टर्जिस गावातला बाळांच्या दूध पावडरीचा मोठा कारखाना बंद ठेवावा लागला, तिथेही तपासणीत कारखान्याच्या आत हा जंतू सापडला होता.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाणी किमान 70 अंश हवं. त्यात तो मरतो, कोमट पाण्यात उलट वाढतो. दोन महिन्यांखालच्या किंवा दिवस भरण्याआधी झालेल्या बाळाला त्यातून मेंदूज्वर होऊ शकतो. कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं की गरम पाण्याने जीवनसत्त्वं कमी होतात. थोडी होतात, मान्य आहे. पण माझ्या लेकीसाठी मला संसर्गाची भीती जास्त वाटते.

रात्री तीनला उठले तरी मी पाणी उकळते, अर्ध्या तासाच्या आत थर्मामीटर लावून पावडर घालते, बाटली नळाखाली गार करते, मनगटावर थेंब टाकून बघते आणि लगेच पाजते. उरलेलं ओतून देते.

पावडरीला चार तारे, लेबलला एक. बाळ फारच लहान असेल तर निर्जंतुक तयार पातळ दूध चालेल का, हे आधी डॉक्टरांना विचारा.