पोटाचा पट्टा, साडेचारशे रुपये

फेब्रुवारीत लातूरला माझं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. गाठ मोठी, म्हणून दुर्बिणीतून जमलं नाही. बेंबीच्या वरून खालपर्यंत उभी चीर दिली. तिसऱ्या दिवशी मालकांनी मेडिकलमधून हा पट्टा आणला. दुकानदारानं माप विचारलंच नाही. "बाई अंगानं भरलेल्या आहेत का?" एवढं विचारलं आणि एक्सएल हातात दिला. माझा बेंबीवरचा घेर 38 इंच. गुंडाळला तर टोक पार पाठीवर. तीस वर्षं ब्लाऊज शिवतेय, अंदाजपंचे मापाचा मला भारी राग. दुसऱ्या दिवशी बदलून आणायला लावला.

माल म्हणाल तर मध्यम. इलॅस्टिक बरं आहे, पण कडेला टाका लांब घातलाय. दीड महिन्यात एक जोड उसवला. वेल्क्रो इतका चिवट की सुती साडीचे दोरे ओढून काढतो. आतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या मशीनवर बसलं की बरगडीला टोचतात. एप्रिलच्या उन्हात घामोळं उठलं, तेव्हा आतून जुन्या धोतराचं अस्तर लावलं. आता जरा सुसह्य आहे.

उपयोग मात्र झाला. खोकताना, खाटेवरून उठताना कुणीतरी पोटाला हात दिल्यासारखं वाटतं. पहिले आठ दिवस याच्याशिवाय संडासापर्यंत जायची माझी छाती झाली नसती.

तक्रार पाकिटाबद्दल आहे. वर छापलंय, 'हर्नियापासून बचाव', म्हणजे चिरेच्या जागी पोटाचा आतला पडदा उसवून आतडं बाहेर फुगायला नको. ते वाचून जाऊबाई म्हणल्या, "सहा महिने काढूच नको बाई. मला पट्टा नव्हता म्हणून तर झाला." त्यांच्या चिरेत महिनाभर पू होता, ते त्या विसरल्या. मी टाके काढायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पट्ट्यानं दुखणं कमी होतं, हालचाल सोपी होते. हर्निया थांबतो असं काही सिद्ध झालेलं नाही. ते काम आतल्या टाक्यांचं."

भाची नर्सिंगला आहे, तिनं मोबाइलवर काढून दाखवलं. पोटाचा आतला चिवट पडदा हळू विरघळणाऱ्या धाग्यानं शिवायचा. टाके बारीक, दर 5 मिलिमीटरला एक, आणि धागा चिरेच्या लांबीच्या किमान चौपट लागला पाहिजे. नेदरलँड्समध्ये 560 पेशंटांवर हे करून पाहिलं, 2015 साली छापून आलं. एकेक सेंटिमीटरचे मोठे टाके घातलेल्यांत वर्षभरात 21 टक्क्यांना हर्निया, बारीक टाक्यांत 13 टक्क्यांना. मला नवल वाटलं नाही. ताण आला की लांब टाक्याचा दोरा तुटत नाही, तो कापडच चिरत जातो. फाटलेल्या ब्लाऊजची बगल बघा कधी.

बाकी आपल्या हातात राहतं ते म्हणजे जखम पिकू न देणं, शुगर, वजन, खोकला आणि कुंथणं. मला सहा आठवडे घागर उचलायला बंदी होती. आमच्याकडं नळ रोज येत नाही. आला की पोरगा भरायचा, निम्मं पाणी अंगणात.

घ्यायचा असेल तर बेंबीवर टेप लावून माप घेऊन जा, दुकानदाराच्या नजरेवर जाऊ नका. श्वास अडेल इतका आवळू नका. मला झोपताना काढायला सांगितला होता. पाचपैकी तीन चांदण्या. साडेतीन देणार होते, अर्धी त्या छापलेल्या ओळीपायी कापली.