रात्रीची वीज आणि पेढीचा संगणक : ‘एपीसीयूपीएसडी’चा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डातील आमच्या हळदीच्या अडत पेढीत हिशेबाचा संगणक उबुंटूवर (लिनक्स जातीच्या मोफत कार्यप्रणालीवर) रात्रंदिवस चालू असतो, कारण शेतकऱ्यांच्या पट्ट्या आणि येणेबाकी घरूनही पाहावी लागते. वळवाचा पाऊस सुरू झाला की रात्री वीज जाते आणि त्या वेळी पेढीत बटण दाबायला कोणीच नसते. आधीच्या यूपीएसला संगणकाशी बोलण्याची सोय नव्हती. बॅटरी संपली की संगणक धाडकन बंद पडे, आणि एकदा त्यात हिशेबाची फाइल बिघडली. म्हणून यूएसबी जोडणी असलेला एपीसी कंपनीचा यूपीएस घेतला आणि त्याच्यावर लक्ष ठेवून वेळेत संगणक नीट बंद करणारी ‘एपीसीयूपीएसडी’ ही मोफत प्रणाली बसवली.

तिची ३.१४.१४ ही आवृत्ती २०१६ सालची आहे. जुनी असली तरी या कामाला ती पुरेशी आहे. सेटिंगच्या फाइलमध्ये केबल आणि प्रकार या दोन्ही ठिकाणी ‘यूएसबी’ लिहून ‘डिव्हाइस’ची ओळ रिकामी सोडायची असते. मी तिथे आधीपासून असलेले सीरियल पोर्टचे (जुन्या पद्धतीच्या जोडणीचे) नाव तसेच ठेवले आणि त्यापायी अर्धी दुपार वाया घालवली. संगणक केव्हा बंद करायचा, हे बॅटरीची टक्केवारी, उरलेली मिनिटे आणि वीज गेल्यापासूनचा काळ यांपैकी जी मर्यादा आधी गाठली जाईल तिच्यावर ठरते. मुळात ५ टक्के आणि ३ मिनिटे अशी मूल्ये असतात. मी ती ४० टक्के आणि १० मिनिटे केली, कारण वीज येऊन पुन्हा गेली, तर दुसऱ्यांदा नीट बंद होण्याइतकी बॅटरी शिल्लक हवी.

संगणक बंद करणे हा यातला सोपा भाग आहे. खरी परीक्षा तो आपोआप सुरू होण्याची. त्यासाठी बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर काय करायचे, तिथे ‘पॉवर ऑन’ निवडावे लागते. ‘लास्ट स्टेट’ ठेवल्यास उपयोग होत नाही, कारण व्यवस्थित बंद झालेल्या संगणकाची शेवटची स्थिती ‘बंद’ हीच असते. एवढ्यानेही भागत नाही. संगणक बंद झाल्यावर यूपीएसने पुरवठा चालूच ठेवला आणि तेवढ्यात वीज आली, तर संगणकाच्या दृष्टीने वीज कधी गेलेलीच नसते आणि तो सकाळपर्यंत निपचित पडून राहतो. म्हणून बंद होण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर ‘किलपॉवर’ आज्ञेने यूपीएसलाच आपला पुरवठा तोडायला सांगावे लागते. मग वीज येताच यूपीएस सुरू होतो आणि त्यामागून संगणक.

मी भिंतीवरचे बटण बंद करून दोनदा चाचणी घेतली (प्लग उपसला नाही, कारण मग अर्थिंगही सुटते). दुसऱ्या खेपेस संगणक बंद होऊ लागताच मुद्दाम वीज सुरू केली. तरीही यूपीएसने ठरल्याप्रमाणे पुरवठा तोडला, पुन्हा दिला आणि संगणक उठला. राउटरही त्याच यूपीएसवर आहे; लेझर प्रिंटर मात्र बॅटरीच्या सॉकेटला लावू नये, त्याचा भार यूपीएसला झेपत नाही.

माहितीपुस्तिका सविस्तर आहे, पण ती इंग्रजीत आहे आणि सगळे टाइप करूनच करावे लागते. ज्यांना फक्त संगणक नीट बंद व्हायला हवा, त्यांनी एवढा खटाटोप करू नये. आमच्या पेढीत मात्र गेल्या पावसाळ्यापासून सकाळी कुलूप उघडण्याआधीच संगणक चालू असतो.