फोन फॉरमॅट केला, तरी पैसे गेले

साताऱ्याच्या आमच्या मामांना व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, आली. हा प्रकार आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. मामांनी फाइल उघडली, मेसेज वाचायची परवानगी दिली आणि त्या ॲपने मागितला तसा जीमेलचा पासवर्डही टाकला. संध्याकाळी मामेभावाच्या लक्षात आलं. त्याने लगेच फोन फॉरमॅट करून आणला. त्याच खात्याने लॉगिन केल्यावर बॅकअपमधून नंबर, फोटो सगळं जागच्या जागी आलं. खात्यातला एक रुपयाही हललेला नव्हता, त्यामुळे बँकेला कुणी कळवलं नाही. सगळे निवांत.

त्याच आठवड्यात एका रात्री, मामा झोपेत असताना, नेटबँकिंगवरून ८५ हजार रुपये गेले.

फोन तर कोरा करकरीत, मग ओटीपी चोराला मिळाला कसा? मामेभाऊ आणि मी गूगल खात्याची सेटिंग्ज उघडून बसलो. लॉगिन असलेल्या डिव्हाइसच्या यादीत मामांच्या फोनखाली एक विंडोज कॉम्प्युटर! मामांच्या घरी कॉम्प्युटरच नाही. फोन पुसला, पण खाते फोनमध्ये नव्हतंच, ते होतं क्लाउडवर, म्हणजे गूगलच्या सर्व्हरवर, आणि चोर तिथे आरामात बसून होता. मामांची बँक ओटीपी मेलवरही पाठवते. चोराने जीमेलमध्ये एक फिल्टर लावून ठेवला होता : बँकेच्या नावाने येणारा प्रत्येक मेल थेट ट्रॅशमध्ये. ट्रॅश उघडला, तर त्या रात्रीचे सगळे ओटीपी तिथे पडलेले. हे डोकं कुठे चांगल्या कामाला लावलं असतं तर!

आणि नेटबँकिंगचा पासवर्ड? तो मामांच्या डायरीत. हरवू नये म्हणून त्या पानाचा फोटो काढलेला, आणि फोटो आपोआप क्लाउडवर चढलेला. आम्ही फोटोंच्या सर्चमध्ये ‘पासवर्ड’ असं इंग्रजीत टाइप केलं, तर चित्रातली अक्षरं वाचून नेमकं तेच पान वर आलं. ‘आधार’ टाकलं, तर घरातल्या सगळ्यांची कार्डं.

तेव्हा असली फाइल उघडली गेलीच, तर फॉरमॅट नंतर करा. आधी दुसऱ्या फोनवरून गूगलचा पासवर्ड बदला, अनोळखी डिव्हाइस साइन आउट करा, रिकव्हरीचा (खातं परत मिळवण्यासाठी दिलेला) नंबर आणि ईमेल आपलाच आहे ना ते बघा, जीमेलचे फिल्टर आणि फॉरवर्डिंग (मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर जाणं) तपासा. पैसे गेले नसले तरी बँकेला त्याच दिवशी लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाच्या माथी असतं, कळवल्यानंतरचं बँकेच्या. आमचं घोडं नेमकं तिथेच अडलंय.

सकाळी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केल्यामुळे पुढच्या एका खात्यात १९ हजार गोठवले गेले. बाकीच्या रकमेसाठी बँकेशी पत्रव्यवहार चालू आहे.