एलएम ५०६९ हॉट स्वॅप चिप : वापरून काय वाटलं

४८ व्होल्टच्या चालू रॅकमध्ये कार्ड सरकवताना कनेक्टरवर चर्रकन ठिणगी उडालेली ज्याने बघितलीय त्याला हॉट स्वॅप कंट्रोलर (चालू सप्लायमध्ये कार्ड लावताना करंट आवरून धरणारी चिप) कशाला लागतो हे समजवायची गरज नाही. कार्डावरचे रिकामे कपॅसिटर त्या क्षणी सप्लायला जवळपास शॉर्टच वाटतात, पिना काळ्या पडतात, बॅकप्लेनचं (सगळी कार्डं ज्या मागच्या बोर्डात बसतात त्याचं) व्होल्टेज बसतं आणि शेजारची चांगली चालणारी कार्डं रीसेट होतात. म्हणून नवीन कार्डावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एलएम ५०६९ टाकली.

१० पिनांची छोटीशी चिप, ९ ते ८० व्होल्ट चालते. बाहेरचा एन चॅनेल मॉसफेट (करंटच्या वाटेतला इलेक्ट्रॉनिक स्विच) ही चालवते आणि सेन्स रेझिस्टरवर (करंट मोजायच्या छोट्या रेझिस्टरवर) ५५ मिलिव्होल्ट पडले की करंट तिथेच धरून ठेवते, आम्ही १० मिलिओहम लावलाय म्हणजे साडेपाच अँपिअर. पण मी हिच्यावर खूश आहे ते पॉवर लिमिटमुळे. नुसतं करंट लिमिट असलं तर आउटपुट शॉर्ट झाल्यावर बिचाऱ्या मॉसफेटवर ४८ गुणिले साडेपाच म्हणजे २६४ वॅट येतात, ही मात्र मॉसफेटवरचं व्होल्टेज पण बघते आणि एका रेझिस्टरने ठरवून दिलेल्या वॅटच्या वर जाऊच देत नाही. आम्ही ५० वॅट ठेवले.

आता जिथे आमचे दोन दिवस गेले ते सांगतो. कार्ड लावलं की आउटपुट चढायचं, वरपर्यंत पोचता पोचता धपकन शून्य. स्कोपवर बघितलं तर दर वेळी १० मिलिसेकंदांच्या आसपास मॉसफेट बंद. हिशोब केला तेव्हा कळलं, ४७० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर ५० वॅटमध्ये भरायला साधारण ११ मिलिसेकंद लागतात आणि चिपच्या टायमरला (लिमिट इतका वेळ चालू राहिलं की तो मॉसफेट बंद करतो) आम्ही ०.२२ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावलेला, तो ८५ मायक्रोअँपिअरने ४ व्होल्टला १० मिलिसेकंदांतच पोचतो. ०.३३ टाकला, साडेपंधरा मिलिसेकंद मिळाले, कार्ड पहिल्या झटक्यात चालू. फक्त टायमर वाढवला की मॉसफेटनेही ५० वॅट तेवढा वेळ सोसायला हवेत, त्यामुळे ऑन रेझिस्टन्स कमी दिसला म्हणून मॉसफेट उचलू नका, त्याचा एसओए ग्राफ (किती व्होल्ट-करंट किती वेळ सुरक्षित ते दाखवणारा) उघडा आणि तोही गरम असतानाचा धरून, कारण डेटाशीटमधला ग्राफ बहुतेक वेळा २५ डिग्रीचा असतो. पुढचा डीसी-डीसी कन्व्हर्टर पॉवर गुड (आउटपुट पूर्ण चढल्याचा चिपचा सिग्नल) आल्यावरच चालू करा, नाहीतर चार्जिंग चालू असतानाच लोड करंट ओढायला लागतो आणि टायमर परत संपतो.

लेआउटमध्ये सेन्स रेझिस्टरच्या पॅडवरूनच चिपकडे वेगळ्या ट्रेस काढा. इनपुटला टीव्हीएस डायोड (उसळलेलं व्होल्टेज दाबणारा) हवाच, शॉर्टमध्ये मॉसफेट एकदम बंद झाला की वायरिंगच्या इंडक्टन्समुळे व्होल्टेज उसळतं आणि चिपची कमाल मर्यादा १०० व्होल्ट आहे.

करंट, पॉवर, तापमान सॉफ्टवेअरमधून वाचायचं असेल तर ही घेऊ नका, पीएमबस (पॉवर चिपशी बोलायची डिजिटल बस) नाहीये, त्यासाठी एलएम ५०६६ बघा. आणि टेलिकॉमची खरी उणे ४८ व्होल्ट लाइन असेल तर एलएम ५०६७, ही प्लस बाजूची आहे. ऑर्डर देताना शेवटचा आकडा नीट बघा, -१ फॉल्ट झाल्यावर बंदच राहते, -२ थांबून थांबून स्वतः परत प्रयत्न करते, आमची कार्डं जिथे बसतात तिथे रात्री कोणी नसतं म्हणून आम्ही -२ घेतली.