जालना रोडच्या गल्लीतलं काचेच्या फिल्मचं दुकान: काम एक नंबर, आणि पोरांना हे काम शिकवावं का त्याबद्दलही थोडं

एप्रिल-मेमध्ये संभाजीनगरात दुपारी गाडी चालवणाऱ्याला सांगायची गरज नाही, एसी फुल असला तरी खिडकीकडचा हात भाजतो. जालना रोडच्या आतल्या गल्लीत हे दुकान आहे, जेमतेम दोन गाड्या मावतील एवढं. गाडीच्या काचांना ऊन अडवणारी फिल्म इथेच लावली, नंतर घराच्या पश्चिमेकडच्या खिडक्याही यांच्याकडूनच करून घेतल्या, आणि भाचा बारावी झाल्यावर हेच काम शिकायचं म्हणतोय म्हणून मी स्टूल घेऊन बसून सगळं काम बघितलं, त्यामुळे रिव्ह्यू लांबणार आहे.

आधी गाडीचं. मागे लहान पोरं बसतात म्हणून मी डार्क फिल्म मागितली तर मालक (सगळे त्यांना उस्तादच म्हणतात) सरळ नाही म्हणाले, "भाऊ, काळी फिल्म मी लावतच नाही, चौकात पोलीस उतरवायला लावणार, पैसे तुमचे जाणार आणि नाव माझं खराब होणार." मग काचेतून किती उजेड येतो ते मोजायचा मीटर काढला. माझ्या दाराच्या काचेतून, फिल्म नसताना, 74 टक्के उजेड आत येत होता, कारण कंपनीची काच मुळातच थोडी टिंटेड असते. नियम असा आहे की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के उजेड आत यायला पाहिजे. 74 च्या काचेवर 50 ची (म्हणजे निम्माच उजेड सोडणारी) फिल्म टाकली की हिशेब 37 वर येतो म्हणजे चलान ठरलेलं, 70 ची टाकली तर 52. लावून झाल्यावर परत मीटर धरून दाखवला, 52 च आले. "50 ची आहे, लीगल आहे" म्हणून फिल्म गळ्यात मारणारे खूप आहेत, त्यांना एवढंच विचारा की काच धरून किती भरतं.

दुसरं म्हणजे हीट लॅम्पसमोर हात धरायला लावून "बघा 95 टक्के आयआर (न दिसणारे उष्ण किरण) कट" असं दाखवतात त्यावर जाऊ नका. उन्हातली साधारण निम्मीच ऊर्जा आयआरमध्ये असते, म्हणून एकूण किती उष्णता अडते तो टीएसईआरचा आकडा विचारायचा. इथे तो न विचारता सांगितला. स्वस्तातली डाय केलेली फिल्म काही वर्षांत जांभळी पडते आणि मेटलच्या फिल्ममुळे फास्टॅग आणि जीपीएस त्रास देऊ शकतात, तेही आधीच सांगून टाकलं. मी सिरॅमिक घेतली, महाग पडली, पण फरक पहिल्याच दुपारी कळला.

खरं बघण्यासारखं काम मागच्या काचेचं. काच गोलाईची असते, सपाट फिल्म तिच्यावर नुसती बसत नाही, चुण्या पडतात. म्हणून आधी बाहेरच्या बाजूने फिल्म पसरून हीट गनने एकेक चुणी आखडवत आणायची, गन एका जागी जास्त थांबली की फिल्म जळाली आणि कधीकधी काचही तडकते. काचेचा आकार घेतल्यावर मग आतून काच साफ, बेबी शाम्पूच्या पाण्याचा स्प्रे, फिल्मच्या मागचा लायनर (चिकट बाजूवरचा कागद) सोलायचा आणि स्क्वीजीने (रबरी पट्टीने) मधून कडेला पाणी काढत न्यायचं. डिफॉगरच्या (काचेवरची वाफ घालवणाऱ्या) रेघांवर ब्लेड अजिबात लावलं नाही. धूळ बसावी म्हणून फरशीवर पाणी मारलेलं, पंखा बंद, शटर अर्धं खाली, आत उकाडा मरणाचा आणि उस्ताद मागच्या सीटवर मान वाकडी करून तासभर. दोन पोरं फक्त स्प्रे मारायला आणि लायनर धरायला.

तक्रारी पण आहेत. टाइम अकराचा दिला आणि गाडी आत घेतली दीड वाजता, बसायला धड जागा नाही. मागच्या छोट्या काचेत एक कण अडकला होता, पण तो माझ्या आधी त्यांनाच दिसला आणि मी काही म्हणायच्या आत तो पीस फाडून नवीन लावला, जादा पैसे घेतले नाहीत.

घरी चौथ्या मजल्यावर खिडक्या केल्या, स्क्वेअर फुटाने रेट. हॉलची एक काच आधीपासून ब्राँझ रंगाची आहे, तिला आतून फिल्म लावायला नकार दिला, म्हणाले असली काच आधीच ऊन शोषते, फिल्मने आणखी तापली की कडेपासून तडकते. येणारं काम सोडून खरं सांगणारा माणूस आजकाल कुठे मिळतो.

आता भाच्याचा विषय, कारण हे काम आपल्या पोरांनी करावं का हा प्रश्न बऱ्याच घरांत असेल. हा धंदा एकदा झोपलेला आहे. 27 एप्रिल 2012 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, 4 मे पासून गाड्यांवरच्या फिल्म बंद, किती टक्क्यांची आहे तो प्रश्नच नाही. उस्ताद तेव्हा दुसऱ्याकडे कारागीर होते, म्हणाले रोज लावायची सोडून रोज काढायचंच काम, नंतर तेही संपलं, मग सीट कव्हर आणि ऑफिसच्या केबिनची फ्रॉस्टेड फिल्म यावर घर चाललं. नंतर केंद्राने मोटार वाहन नियमातला 100 नंबरचा नियम बदलला, 1 एप्रिल 2021 पासून आयएस 2553 या काचेच्या भारतीय मानकाप्रमाणे प्लास्टिकचा थर असलेली सेफ्टी काच चालते, आणि सप्टेंबर 2024 मध्ये केरळ हायकोर्टाने सांगितलं की उजेडाची मर्यादा पाळली असेल तर फिल्मवर दंड करता येत नाही. तरी रस्त्यावर वाद होतो हे खरं आहे, म्हणून बिल आणि फिल्मचं सर्टिफिकेट गाडीत ठेवायचं. आणि आपल्या वाळूज-चिकलठाण्यात गरवारेची फिल्म बनते, बराचसा माल परदेशात जातो, त्याच शहरात चांगले लावणारे हात मोजकेच, याचं मला खरंच वाईट वाटतं.

माझं मत स्पष्ट आहे, पोराने यावं, पण नुसत्या कारच्या काचांवर अवलंबून राहू नये. नवीन गाड्यांच्या काचा कंपनीतूनच यूव्ही कट येतायत, फिल्मचं कटिंग प्लॉटर मशीन करतं, तेवढं काम हातातून जाणार. पण गोल काचेवर चिकटवणं हातानेच होतं, सनरूफ मोठे होत चाललेत, ईव्हीवाल्यांना एसी जेवढा कमी तेवढी रेंज जास्त, आणि पीपीएफचं काम वाढतंय. पीपीएफ म्हणजे पेंटवर लावायची टीपीयूची (लवचिक प्लास्टिकची) जाड फिल्म, पूर्ण गाडीला काही दिवस लागतात, एक पॅनल फसला तर हजारोंचा माल वाया, म्हणून ज्याचा हात बसला त्याला मालक सोडत नाही. शिवाय मार्च ते जून कारचा सीझन, पावसाळ्यात मंदी, तेव्हा बिल्डिंगचं आणि ऑफिसचं काम येत असेल तरच बारा महिने पगार निघतो.

शिकायला वेळ लागतो. इथे पहिले सहा महिने काच धुणं, जुनी फिल्म आणि गम काढणं, मग सपाट काच, मग दार, मागची काच सगळ्यात शेवटी. तेवढ्या काळात हातखर्चापुरतंच मिळतं हे घरच्यांनी समजून घ्यावं. मान, पाठ, गुडघे याची किंमत द्यावी लागते. उस्तादांना मी तोंडावर बोललो ते इथेही लिहितो, पोरांचा पीएफ आणि विमा काढा, आणि बिल्डिंगच्या बाहेरून काम असेल तर हार्नेसशिवाय कुणाला चढवू नका. त्यांनी ऐकून घेतलं, हार्नेस आणतो म्हणाले, मी परत जाऊन बघणार आहे.

जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा, सकाळी पहिली गाडी तुमची लावा. नंतर तीन-चार दिवस काचा खाली करू नका, सुरुवातीला पाण्याचे बारीक फुगे आणि धुरकटपणा दिसतो, तो सुकून जातो, बोटाने दाबत बसू नका. बिलावर फिल्मचं नाव, टक्केवारी आणि वॉरंटी लिहून घ्या, इथे मागितलं की लगेच देतात.