ईएफ ६५ इंजिन आणि त्याच्यामागचे सात डबे: एका वापरलेल्या संचाचे परीक्षण

टोकियोतील एका वापरलेल्या वस्तूंच्या दुकानातून मी मागच्या हिवाळ्यात एन गेजचा, म्हणजे ९ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावणाऱ्या लहान प्रतिकृती-रेल्वेचा, एक संच घेतला. खोक्यात काटो कंपनीचे ईएफ ६५ मालिकेतील १००० उपमालिकेचे विद्युत इंजिन होते आणि सोबत सात निळे प्रवासी डबे होते. झाकणावर दुकानदाराने हाताने लिहिलेली चिठ्ठी होती, ‘रात्रीची निळी गाडी, जुळलेला संच’. परीक्षण या संचाचे आहे, पण माझे म्हणणे मुख्यतः ‘जुळलेला’ या एका शब्दाविषयी आहे.

इंजिनाबद्दल तक्रारीला जागा नाही. मूळ इंजिनाची लांबी साडेसोळा मीटर असल्याने १:१५० या प्रमाणात ते बरोबर ११ सेंटीमीटरचे होते, म्हणजे सहज तळहातावर मावते. तोंडाच्या मध्यभागी असलेला दरवाजा, ज्यावरून ही उपमालिका आधीच्या ५०० क्रमांकाच्या इंजिनांपासून लगेच वेगळी ओळखू येते, नीट कोरलेला आहे. दोन इंजिने एकामागे एक जोडली तर कर्मचाऱ्यांना या दरवाजातून पलीकडे जाता यावे, यासाठी तो ठेवलेला असे. कमी विजेवर इंजिन हिसका न देता हलते आणि सात डबे घेऊन वळणावर अडत नाही. रूळ ९ मिलिमीटरचे असल्याने १०६७ मिलिमीटरच्या जपानी रुळांच्या मानाने ते रुंद दिसतात. पण ही उणीव जपानमधील एन गेजची आहे, या इंजिनाची नाही.

अडचण डब्यांची आहे, आणि ती प्रथमदर्शनी लक्षात येत नाही, कारण रंग उत्तम जुळतो. जपानच्या राष्ट्रीय रेल्वेचे रंग क्रमांकांनी ठरलेले असत, आणि ईएफ ६५ च्या अंगावर आहे तो ‘निळा क्रमांक १५’. खोक्यातले डबे सुहा ४३ आणि त्याच्या सोबतच्या जुन्या पिढीचे, मुळात तपकिरी असलेले आणि नूतनीकरणानंतर याच निळ्या क्रमांक १५ मध्ये रंगवलेले आहेत. म्हणून इंजिन आणि डबे शेजारी ठेवले की एकाच कारखान्यातून बाहेर पडल्यासारखे दिसतात, आणि दुकानदारही त्यालाच फसला असावा. ज्यांच्यासोबत हे इंजिन खरोखर रात्रीच्या रात्री धावले ते २४ मालिकेचे शयनयान डबे मात्र ‘निळा क्रमांक २०’ या अधिक उजळ छटेचे आहेत, त्यामुळे खरी जोडी मांडली की रंगात किंचित विसंगती दिसते. ती विसंगती हीच अचूकपणाची खूण आहे.

इंजिन आणि डबे यांचे नाते रंगाने ठरत नाही, तर त्यांच्यामधून काय वाहते यावरून ठरते. जुन्या डब्यांना हिवाळ्यात ऊब लागे ती इंजिनाकडून. बाष्पइंजिनांच्या काळात वाफ आपोआप उपलब्ध होती. विद्युत इंजिने आल्यावर ईएफ ५८ सारख्या प्रवासी इंजिनाच्या पोटात पाणी, तेल आणि एक लहान बॉयलर बसवावा लागला. ईडी ७५ सारख्या इंजिनांनी वाफेऐवजी डब्यांतील हीटरना वीज पुरवली. ईएफ ६५ मध्ये यांपैकी काहीच नाही, कारण मालवाहतूक आणि स्वतःची वीज स्वतः निर्माण करणाऱ्या नव्या डब्यांच्या गाड्या एवढेच काम त्याच्याकडून अपेक्षित होते. म्हणजे माझ्या खोक्यातली गाडी जुलैत चालून जाईल, पण जानेवारीच्या रात्री तिच्यातले प्रवासी गारठून जातील. आणि झाकणावर तर रात्रीची गाडी असे लिहिले होते!

मी मग त्याच कंपनीच्या २४ मालिकेतील २५ प्रकारच्या डब्यांचा संच वेगळा विकत घेतला, आणि इंजिनाची खरी परीक्षा तेव्हा झाली. या संचात सर्वांत बारकाईने पाहण्यासारखा डबा म्हणजे कानि २४. जपानी डब्यांची नावे वाचता आली की डबा स्वतःच बोलतो: ‘का’ म्हणजे साडेसत्तेचाळीस टनांहून जड, ‘नि’ म्हणजे सामानाचा डबा. हा जडपणा सामानाचा नाही, आत बसवलेल्या डिझेल जनरेटरचा आहे, जो संपूर्ण गाडीच्या दिव्यांना आणि वातानुकूलनाला वीज पुरवी. आपल्याकडे राजधानी एक्सप्रेसच्या टोकाला लागणारा जनरेटर डबा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही रचना समजावून सांगण्याची गरज नाही. आधीच्या १४ मालिकेत जनरेटर शयनयानाच्या तळाशीच होते. परंतु १९७२ मध्ये होकुरिकु बोगद्यात एका एक्सप्रेसच्या भोजनयानाला आग लागून ३० जणांचा मृत्यू झाला, तेव्हा झोपलेल्या प्रवाशांच्या खाली इंजिन चालवण्याच्या कल्पनेवरच प्रश्नचिन्ह उभे राहिले आणि १९७३ मध्ये वीजनिर्मिती स्वतंत्र डब्यात नेणारी २४ मालिका आली. प्रतिकृतीत कानि २४ च्या बाजूच्या जाळ्या आणि छपरावरचा भाग इतर डब्यांहून स्पष्ट वेगळा काढला आहे, आणि मला तो सबंध संचातला सर्वांत देखणा भाग वाटतो. मांडणी करताना एक लक्षात ठेवावे: हा डबा गाडीच्या एकाच टोकाला असतो, त्यामुळे जाताना तो इंजिनाला लागून असेल तर परतताना शेवटी येतो. दोन्ही मांडण्या बरोबर आहेत.

वेगाची बाजूही आहे. १९६८ पासून रात्रीच्या विशेष गाड्या ताशी ११० किलोमीटरने धावू लागल्या, आणि त्यासाठी ब्रेक व हवेच्या स्प्रिंगांना इंजिनाकडून दाबाखालच्या हवेची जादा नळी लागे. ती नळी ईएफ ६५ च्या सर्व इंजिनांना नव्हती. १००० उपमालिकेला ती आहे. म्हणून कपलरच्या (डबे जोडणाऱ्या आकड्याच्या) भोवती नळ्यांचे बारीक सुटे भाग बसवायचे कष्ट घ्यावेत, कारण हे इंजिन या डब्यांपुढे का उभे आहे याचे कारण तिथेच दिसते.

माझ्या टेबलावर ही जोडी टोकियोहून निघणारी ‘सेतो’ ही रात्रीची गाडी झाली आहे. पूर्ण लांबीची गाडी घरात उभी करायची तर डब्यामागे चौदा सेंटीमीटर हिशेब धरून जागा मोजावी लागते, म्हणून मी सहा डब्यांवर थांबलो. टोकियोहून क्युशू बेटाकडे जाणारी ‘हायाबुसा’ ही रात्रीची गाडी हवी असल्यास १९७८ ते १९८५ हा काळ धरावा, कारण १९८५ च्या मार्चपासून तिच्यापुढे ईएफ ६६ आले. शिवाय ईएफ ६५ क्युशूच्या अलीकडच्या शिमोनोसेकी स्थानकालाच थांबे. पुढे समुद्राखालच्या कानमोन बोगद्यात खाऱ्या पाण्यामुळे गंजू नये म्हणून पोलादाऐवजी स्टेनलेस स्टीलच्या कवचाचे ईएफ ३० किंवा ईएफ ८१ गाडी ओढत असे आणि क्युशूत ईडी ७६.

एकूण मत असे की इंजिन निःशंकपणे घ्यावे, २४ मालिकेचे डबे त्याच्यासोबत घ्यावेत, आणि ‘जुळलेला संच’ असे लिहिलेल्या वापरलेल्या खोक्यातील डब्यांवरचे क्रमांक पैसे देण्याआधी वाचावेत. मी ते नंतर, भिंगातून वाचले. विजेची ऊब घेऊ शकणाऱ्या जुन्या डब्यांच्या क्रमांकात २००० मिळवलेले असत. माझ्या सात डब्यांपैकी चार तसे आहेत आणि तीन नाहीत, म्हणजे मी उद्या ईडी ७५ आणून पुढे जोडले तरी तीन डबे थंडच राहणार. आता सातही डब्यांसाठी वाफवाले ईएफ ५८ शोधतो आहे.